दमास्कस सुरीचं पातं: थर रचण्यापासून धार लावण्यापर्यंत

दमास्कस म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सुऱ्यांवरची नक्षी नुसती वरवर कोरलेली किंवा छापलेली असते. खरी-खोटी ओळखायची असेल तर पात्याची पाठ पाहा. थर खरे असतील तर बाजूवरच्या रेषा पाठीवरून वळून पलीकडे गेलेल्या दिसतात. तरीही शंका राहिली तर एका कोपऱ्यात पॉलिश पेपर मारून नक्षी घालवा आणि तिथे फेरिक क्लोराइड या आम्लासारख्या द्रावणाचा थेंब ठेवा. खरी नक्षी परत उठते, खोटी गेली ती गेली. खरी नक्षी म्हणजे दोन वेगळ्या पोलादांच्या थरांच्या कडा, त्यामुळे पातं कुठूनही घासलं तरी आत तीच सापडते.

हे काम शिकू पाहणारा पहिला प्रश्न नक्षीचा विचारतो. माझं उत्तर मात्र जोडाचं असतं, म्हणजे थर तापवून, ठोकून एकजीव करण्याचं. नक्षी कोणालाही पाडता येते. पंचवीस-तीस जोड एकही पोकळी न ठेवता बसवणं अवघड आहे, आणि ते जमलं नाही तर सगळी नक्षी फुकट जाते. म्हणून या लेखात जोडावर जास्त शब्द खर्च केले आहेत आणि मुठीवर कमी.

आधी नावाचा घोळ. जुन्या जगात ज्या पोलादामुळे दमास्कसचा बोलबाला झाला ते वेगळं होतं. ते मुशीत वितळवलेलं उच्च कार्बनचं पोलाद, म्हणजे वुट्झ. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक नावाजलेलं केंद्र. त्यातली नक्षी धातू थंड होताना आतूनच तयार होते. आपण इथे करणार आहोत ते थर जोडून केलेलं पोलाद. युरोपात ही रीत जुनी आहे. इंग्लंडमधल्या सटन हू इथे सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या दफनात सापडलेली तलवार पिळलेल्या सळया एकमेकींना जोडून घडवलेली होती. आजच्या काळात १९७३ साली अमेरिकेत सुऱ्या घडवणारे बिल मोरान यांनी अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि हौशी लोकांत या कामाची नव्यानं लाट आली.

पोलाद कोणतं घ्यायचं

जगभर बहुतेक जण १०८४ आणि १५एन२० ही जोडी वापरतात, आणि त्याला कारण आहे. १०८४ मध्ये कार्बन ०.८० ते ०.९३ टक्के आणि मँगनीज ०.६ ते ०.९ टक्के असतं. १५एन२० मध्ये कार्बन सुमारे ०.७५ टक्के आणि निकेल २ टक्के. दोन्हींना पाणी द्यायचं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करायचं, तापमान जवळजवळ एकच, दोन्हींना तेल चालतं, म्हणून पातं कडक होताना थर एकमेकांशी भांडत नाहीत. आणि आम्लात १०८४ काळं पडतं, निकेलवालं चकचकीत राहतं.

आपल्याकडे १०८४ किरकोळीत मिळणं कठीण. त्याऐवजी सी८० किंवा तशाच साध्या स्प्रिंग पोलादाची पट्टी चालते. १५एन२० साठी एक जुनी युक्ती म्हणजे सॉ मिलमधल्या बँडसॉचा मोडका पट्टा. मात्र प्रत्येक पट्ट्यात निकेल असतंच असं नाही. तुकडा घासून चकचकीत करा, शेजारी दुसऱ्या पोलादाचा तुकडा ठेवा आणि दोन्ही दहा मिनिटं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवा. एक उजळ आणि एक काळा निघाला तर जोडी जमली. दोन्ही काळे निघाले तर पातं होईल, नक्षी दिसणार नाही.

ट्रकच्या कमानपाट्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो भंगारात सहज मिळतो. पहिल्या पात्यासाठी तो टाळा. वर्षानुवर्षं हेलकावे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि त्या नेमक्या पाणी देताना उघडतात. बेअरिंगचं ईएन३१ सुद्धा नको. त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइड जोडाच्या आड येतो.

साधं लोखंड आणि पोलाद मिसळून नक्षी काढावी असं पुष्कळांच्या डोक्यात येतं. जोडाच्या तापमानाला कार्बन थरांमधून भराभर पसरतो आणि थर दोन-तीनदा रचून जोडले की सगळीकडे सारखा होतो. मग सगळ्या पात्याचा कार्बन कमी होतो आणि धार टिकत नाही. निकेल मात्र जागचं फारसं हलत नाही, म्हणून नक्षीचा भार त्याच्यावरच.

भट्टी आणि हत्यारं

ऐरण ५० किलोच्या पुढची असली तर बरं. नसेल तर जमिनीत घट्ट रोवलेला जड पोलादी ठोकळाही चालतो. एक ते दीड किलोचा हातोडा, गरम तोडायची छिन्नी, दोन-तीन मापांच्या सांडशा, कानशी आणि अँगल ग्राइंडर एवढं हवं. तीन-चार किलोचा घण मारायला कोणी सोबती मिळाला तर काम निम्मं हलकं होतं.

भट्टी गॅसची किंवा कोकची. कच्चा दगडी कोळसा सरळ वापरू नका, त्यातलं गंधक जोड बिघडवतं. आधी त्याचा कोक होऊ द्या. गॅससाठी व्यावसायिक १९ किलोचा सिलिंडर घ्या. घरगुती सिलिंडर या कामाला वापरणं बेकायदा आहे. भट्टीच्या आत सिरॅमिक वूल असेल तर त्यावर तापरोधक मुलामा द्यायलाच हवा, एक म्हणजे त्याचे तंतू फुप्फुसात जातात आणि दुसरं म्हणजे जोडताना वापरायचा टाकणखार (बोरॅक्स) वितळून वूल खाऊन टाकतो. तळाशी फायर ब्रिक ठेवा आणि ती अधूनमधून बदलावी लागणार हे धरून चाला.

काम उघड्यावर किंवा चारी बाजूंनी हवा खेळणाऱ्या शेडमध्येच करायचं. जोडासाठी ज्योत मुद्दाम कमी हवेची ठेवावी लागते आणि अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वास नसतो. अंगात सुती कपडे, चामड्याचा एप्रन, बंद बूट, डोळ्यांवर चष्मा. ग्राइंडिंग करताना चांगला मास्क. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत जाता कामा नये, त्याचा धूर विषारी असतो.

एक गोष्ट कायद्याची. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्र नियमांत शस्त्र म्हणून धरली जातात. घरगुती आणि शेतीच्या वापराची वगळली आहेत. म्हणून आणि सोयीसाठीही, इथे स्वयंपाकघरातली ५ इंची सुरी धरली आहे.

थरांची गड्डी

१०८४ च्या ३ मिमी जाडीच्या पाच पट्ट्या आणि १५एन२० च्या १.५ मिमी जाडीच्या चार, प्रत्येक ३० मिमी रुंद आणि १०० मिमी लांब. एकाआड एक ठेवल्या की नऊ थरांची २१ मिमी उंच, साधारण अर्ध्या किलोची गड्डी होते. खपलीत आणि घासण्यात बरंच जातं, म्हणून यापेक्षा कमी घेऊ नका. बाहेरच्या दोन्ही बाजूंना १०८४ ठेवायचं, कारण पुढे तुकडे करून पुन्हा रचताना तेच तेच समोरासमोर येतं आणि निकेलवाल्या पोलादापेक्षा ते सहज जुळतं.

आता घाई करायची नाही. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंची काळी खपली ६० नंबरच्या सँडिंग पट्ट्यानं पूर्ण काढा. पट्टी काचेवर ठेवून पाहा. खालून उजेड दिसला तर ती वाकडी आहे, सरळ करा. शेवटी थिनरनं पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. गड्डी शिकंज्यात दाबून चारी कोपऱ्यांवर आणि बाजूंवर वेल्डिंगचे टाके मारा. एका टोकाला १२ मिमीची, दोन फूट लांब सळई वेल्ड करा, ती तुमची मूठ. वेल्डिंग मशीन नसेल तर जाड तारेनं करकचून बांधूनही चालतं. पूर्वी तसंच करत.

जोड

टाकणखार बाजारात मिळतो तसा टाकला की पाणी सुटून फुगतो आणि उडतो. लोखंडी पळीत वितळवून, थंड करून, कुटून भुकटी करा. ती शांत बसते. टाकणखाराचं काम पोलाद चिकटवणं नव्हे. तो ऑक्साइड विरघळवतो आणि हवा अडवतो, जोड होतो तो स्वच्छ पोलाद स्वच्छ पोलादाला भिडल्यामुळे.

गड्डी लालसर झाली की, साधारण ७५० ते ८०० अंशांना, बाहेर काढून बाजूंवर भुकटी टाका. ती वितळून फटींत शिरते. पुन्हा भट्टीत. आता हळूहळू पिवळ्या रंगापर्यंत न्यायचं, १,१५० ते १,२०० अंश. ज्योत भट्टीच्या तोंडाबाहेर थोडी लवलवत असावी, म्हणजे आत जास्तीची हवा नाही. टाकणखार तापलेल्या तुपासारखा पातळ होऊन पृष्ठभागावर सळसळू लागला आणि गड्डीचा रंग भट्टीच्या भिंतीत मिसळून गेला की वेळ जवळ आली. तरीही लगेच काढू नका. बाहेरचा थर पिवळा झाला म्हणजे मधलाही झाला असं नाही. उलटसुलट करत आणखी सात-आठ मिनिटं ठेवा. पांढऱ्या ठिणग्या फुटू लागल्या तर पोलाद जळतंय, ताबडतोब आच कमी करा.

बाहेर काढल्यावर तीन-चार सेकंद हातात असतात. ऐरण आधीच गरम असावी, थंड ऐरण खालचा थर विझवते. पहिले ठोके हलके आणि एकसारखे, मधून सुरू करून टोकांकडे, म्हणजे टाकणखार बाहेर फेकला जातो. तो उडतो आणि चामडी भाजतो, आजूबाजूला कोणी उभं राहू नये. जोरात मारायचा मोह इथेच आवरायचा. जोरदार ठोक्यानं थर एकमेकांवरून सरकतात आणि जोड सुटतो. चार-पाच सेकंदांत परत भट्टीत. पुन्हा भुकटी, पुन्हा तेच तापमान, या वेळी ठोके थोडे जड. तिसऱ्या तापात घण चालवा.

जोड बसला की नाही हे थंड होताना कळतं. गड्डी लाल होऊन विझत असताना बाजूनं पाहा. सगळी एकसारखी काळवंडत गेली तर ठीक. एखादी रेघ बाकीच्याआधी काळी पडली तर तिथे पोकळी आहे. त्या जागी भुकटी घालून पुन्हा जोडाच्या तापाला न्या. खात्रीसाठी बाजू ग्राइंडरनं घासा. फट म्हणजे काळी, तुटक रेष. थर म्हणजे रंगाचा फरक.

इथून पुढे गड्डी ताणायची ती नेहमी पिवळ्या-केशरी तापावर. मंद लाल असताना ठोकली तर जोड फाटतात. बरीचशी पाती इथे फसतात, पहिल्या जोडात नव्हे.

२१ मिमी उंचीची गड्डी ८ मिमीवर आणून लांब करा, टोकं छाटा, खपली काढून घासा, चार समान तुकडे करा आणि पुन्हा रचा. हिशेबानं ३६ थर, प्रत्यक्षात ३३, कारण १०८४ ला १०८४ भिडतं तिथे दोन थर एक होतात. पुन्हा ताणून तीन तुकडे रचले की ९७. पहिल्या सुरीला हे भरपूर आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी मास्टर पदवीच्या परीक्षेत किमान ३०० थर मागते, पण शंभराच्या आत रेषा ठसठशीत दिसतात. हजार थरांची जाहिरात म्हणजे राखाडी रंगाची सुरी, माझं तरी असंच मत आहे.

नक्षी

थर सपाट असतील आणि तसंच पातं घासलं तर बाजूवर जवळजवळ काहीच दिसत नाही. थर तिरके कापले जायला हवेत, नक्षीचं सगळं तत्त्व एवढंच. हातोड्यानं घडताना थर आपोआप थोडे वरखाली होतात, त्यातून उमटते ती मोकळी, नैसर्गिक नक्षी. सुरुवात तिथूनच करा.

शिडीच्या नक्षीसाठी १२ मिमी जाडीच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना आडव्या खाचा पाडायच्या, साधारण ३ मिमी खोल, एका बाजूची खाच दुसऱ्या बाजूच्या दोन खाचांच्या मधोमध येईल अशी. मग जोडाच्या तापावर ठोकून पट्टी सपाट केली की खाचेतले खोल थर वर येतात. उलट, आधी खाचेच्या छापणीनं दाबून मग उंचवटे घासले तरी तोच परिणाम मिळतो आणि कडा फाटायचा धोका कमी होतो. पीळ देणं सर्वांत देखणं आणि सर्वांत निर्दयी. चौकोनी सळई कोपरे मारून गोल करायची आणि पिवळ्या तापावर पिळायची. जोडात लपलेली एक फट असली तरी पिळताना ती तोंड उघडते.

पातं घडवणं

पट्टी ५ मिमी जाडीवर आणा. टोक करताना पट्टीचा कोपरा आधी तिरका छाटा आणि छाटलेली बाजू पाठीकडे ठेवून टोक खाली ठोका. म्हणजे थर टोकाशी उघडून माशाच्या तोंडासारखे फाकत नाहीत आणि धारेच्या बाजूच्या रेषा टोकापर्यंत सलग जातात. मग मुठीत जाणारी शेपटी ओढा. शेवटी उतार: धारेच्या बाजूला ठोके मारले की पातं पाठीकडे वाकतं, म्हणून आधीच उलट दिशेला थोडा बाक द्या. धार २ मिमी जाड ठेवून थांबा. उतार जितका हातोड्यानं काढाल तितके थर दाबले जाऊन नक्षी बारीक होते. जितका घासून काढाल तितकी ती उघडते. शिडीच्या नक्षीसाठी तर घासणंच बरं.

नंतर पोलादाला विसावा द्यायचा. ८७० अंशांवर नेऊन हवेत थंड करा, मग ८१५ वर, मग ७९० वर. मोठे झालेले कण बारीक होतात आणि ठोकण्यातला ताण निघतो. शेवटचा ताप देऊन पातं राखेत पुरून रात्रभर ठेवलं की कानस सहज चालते.

कानशीनं आणि पट्ट्यानं आकार पक्का करा, २२० नंबरपर्यंत जा. धार १ मिमीच्या खाली नेऊ नका, नाहीतर तेलात वाकते किंवा चिरते.

पाणी देणं

गावातला लोहार कोयता तापवून पाण्यात बुडवतो, पण इथे तेच केलं तर पातं तडकण्याची दाट शक्यता. पाच-सहा लिटर सोयाबीन तेल उभ्या लोखंडी डब्यात घ्या आणि ५० ते ५५ अंशांवर आणा. कोमट तेल थंड तेलापेक्षा पातळ असतं आणि उष्णता लवकर ओढून घेतं. डब्याला झाकण हवंच. पेटलं तर झाकण टाका, पाणी कदापि नाही.

७७० अंशांना पोलादाचं चुंबकत्व जातं. चुंबक चिकटेनासा झाला की त्याहून छटाभर वर, म्हणजे ८१५ च्या आसपास, सगळं पातं एकसारख्या रंगाचं झालं की टोकाकडून सरळ आत. धार आणि पाठ यांच्या रेषेतच पुढेमागे हलवा, आडवं हलवलं की पातं वाकतं. दहा-बारा सेकंदांनी बाहेर काढलं तर थोडा बाक हातमोज्यांनी सरळ करता येतो, पण ती संधी काही सेकंदांचीच. हे काम संधिप्रकाशात किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात करा; भर उन्हात रंगाचा अंदाज हमखास चुकतो.

कानस धारेवरून न लागता सरकली तर पातं कडक झालं. या क्षणी ते काचेइतकं ठिसूळ आहे, पडू देऊ नका. त्याच दिवशी ओटीजीत (घरगुती ओव्हनमध्ये) २०० अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावरचे आकडे फसवे असतात, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. वाळूच्या ताटात पातं पुरलं तर तापमान फार वरखाली होत नाही. घासलेल्या भागावर फिकट पिवळा रंग आला की योग्य झालं. निळा आला तर जास्त झालं.

नक्षी उठवणं

यापुढे घासताना पातं सारखं पाण्यात बुडवा. हाताला चटका बसू लागला की थांबा, फार तापलं तर कडकपणा जातो. धार पाव मिमीपर्यंत आणा आणि हातानं वॉटर पेपर मारा, ४०० पासून १,००० पर्यंत. आधीच्या नंबरचा एक जरी ओरखडा उरला तरी आम्ल तो शोधून काढतं.

फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, सर्किट बोर्ड करणारे वापरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ. एक भाग द्रावण, तीन-चार भाग पाणी, प्लॅस्टिकच्या उभ्या भांड्यात. हातमोजे घाला, त्याचे डाग फरशीवरून निघत नाहीत. पातं थिनरनं पुसून दहा मिनिटं लटकवा, बाहेर काढून काळा थर २,००० च्या ओल्या पेपरनं हलकेच पुसा, पुन्हा बुडवा. तीन-चार फेऱ्यांत थर नखाला जाणवतील. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटं, स्वच्छ धुऊन कोरडं.

काळा रंग अधिक गडद हवा असेल तर अर्धा लिटर पाण्यात ५०-६० ग्रॅम इन्स्टंट कॉफी विरघळवून, गार करून, पातं त्यात रात्रभर ठेवा.

मुठीला शिसम किंवा बाभूळ, इपॉक्सी आणि दोन पितळी खिळे. धार आम्लानंतरच लावायची, आधी लावली तर आम्ल ती बोथट करतं. दगडावर दोन्ही बाजूंनी १५ अंशांच्या आसपास. हे पोलाद स्टेनलेस नाही. कोकम, टोमॅटो, लिंबू चिरून सुरी तशीच ठेवली तर डाग पडतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो. काम झालं की धुवा, पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा, आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं.